पाठमोरं वऱ्हाड

माझ्या एकुलत्या एका बहिणीच्या लग्नात सगळ्यात जास्त त्रास मी दिला. खरं तर हा मान नवरदेवाच्या मामांचा होता. ते त्यासाठी पूर्ण तयारीनं आले होते. पण मी त्यांना संधीच दिली नाही.

सत्तरच्या दशकात माझं मलकापुरात मोटारी आणि पाण्याची इंजिनं दुरुस्त करायचं दुकान होतं. तिथंच एका वखारीमागे पुढं इंजिनाचं लांब नाक असलेली एक जुनी बस पडून होती. एस.टी. यायच्या आधी ती म्हणे साताऱ्यापर्यंत उतारू न्यायची. मी पाहिली तेव्हा तिच्यात कोंबड्या राहत होत्या. मी कोंबड्यांना बाहेर काढलं आणि दोन वर्षं स्वतः आत राहिलो. इंजिन उघडलं, लाकडी बाकं रंधा मारून तासली, पत्र्याला पिवळा रंग दिला, पितळेचा भोंगा चिंचेनं घासून लखलखीत केला. हँडल मारलं की गाडी आधी खोकायची, मग शिंकायची आणि मन झालं तर सुरू व्हायची. माझी बायको त्या गाडीला 'थोरली' म्हणायची. (म्हणजे ती स्वतः धाकटी!)

थोरलीला मागणी चांगली होती. लग्नं, जत्रा, सहली, निवडणुकीच्या प्रचारफेऱ्या. उमेदवार पडायचे, पण गाडीचं कौतुक व्हायचं. त्यामुळं माझ्या बहिणीचं, मंदाचं, रहिमतपूरच्या विलासरावांशी ठरलं तेव्हा मी छाती काढून म्हणालो, "आबा, वऱ्हाड आणायला माझी गाडी."

आबा म्हणजे आमचे वडील. गाव आमचं सांगलीकडच्या माळरानात, खिंडीच्या पल्याड. आबा मोजकं बोलायचे.

"बाळू, लगीन हाय, जत्रा न्हाई. एस.टी. सांगू."

"आबा, अख्ख्या जिल्ह्यात अशी गाडी नाही."

"म्हनूनच म्हनतोय."

पण मी ऐकलं नाही. मंदाही म्हणाली, "दादा, गाडी आण, पण येळेवर आण. त्येंचा मामा लय रागीट हाय."

मामा म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले सुभेदारमामा. साखरपुड्यात त्यांच्या पानात मिठाच्या आधी लोणचं पडलं, म्हणून ते भरल्या ताटावरून उठले होते. आबांनी हातापाया पडून त्यांना वेशीवरून परत आणलं होतं. आता पुन्हा काही बिघडलं तर हे लग्न मोडणार, हे आमच्या घरात मांजरालाही माहीत होतं.

लग्न गोरज मुहूर्ताचं. मी सकाळीच रहिमतपुरात हजर. थोरलीच्या नाकाला झेंडूच्या माळा, दोन्ही बाजूंना केळीचे खुंट, भोंग्याला गोंडा. सगळी सजावट पुढं. मागच्या बाजूला फुलं पुरली नाहीत. (ही बारीकशी गोष्ट लक्षात ठेवावी. मी ठेवली नव्हती.)

सुभेदारमामांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, चाकाला बुटाचं टोक लावून पाहिलं आणि म्हणाले, "ठीक हाय. आता नवरदेवाला मारुतीला नेऊ."

मारुतीनंतर भैरोबा, भैरोबानंतर देवी, आणि मग वाजंत्रीवाल्यांना दम खायला परत मारुती. पुढं वाजंत्री, मागं मुंगीच्या पावलानं मी. लोक माड्यांवरून बघत होते. मी विनाकारण भोंगा वाजवत होतो. खरं सांगतो, त्या दोन तासांत नवरदेव विलासराव नव्हते, मी होतो.

त्यात किती पेट्रोल जळलं हे मला खिंडीच्या चढावर कळलं.

थोरलीची टाकी माझ्या बैठकीखाली होती. पेट्रोल आपल्या वजनानंच वाहत इंजिनात जायचं. चढ लागला की नाक वर, टाकी खाली. टाकी भरलेली असेल तर निभायचं. अर्धी झाली की पेट्रोल इंजिनापर्यंत पोचायचंच नाही. निम्म्या चढावर थोरली खोकली, शिंकली आणि गप्प झाली. मी ब्रेक लावून तिला हळूहळू पायथ्याशी उतरवलं.

"काय झालं पावनं?" मामांनी विचारलं.

"काही नाही मामा. आता उलटी घेतो."

"उलटी म्हंजे?"

"मागं तोंड करून चढवायची. मग टाकी वर येते आणि इंजिन खाली. शिवाय मागचा गिअर ताकदीचा असतो. मी नेहमी असंच करतो."

मामांच्या मिशा हलल्या.

"नवरदेव घेऊन मागं जायाचं?"

"मागं नाही मामा, पुढंच जायचं. फक्त मागून."

"आवं, नवरदेवाची गाडी मागं घेत न्हाईत! अपशकुन असतोय! आन् आमच्या घरातलं कोन आजवर पाठ दावून कुटं गेलेलं न्हाई. लढाईत न्हाई आन् लग्नातबी न्हाई!"

"मग चालत जाऊ या?" मी विचारलं.

"नवरदेव चालत? आमी काय भाजी विकायला निघालोय?"

सूर्य डोंगराकडं सरकत होता. वऱ्हाडात दोन तट पडले. विलासराव मुंडावळ्यांच्या आडून एकदा सूर्याकडं आणि एकदा मामांकडं बघत होते. बोलायची त्यांना परवानगी नसावी. शेवटी कोपऱ्यातून त्यांची आत्या, तोंडातला तंबाखू सांभाळत, म्हणाली,

"आवं सुभेदार, गाडी उलटी जातीया तर आपुन उलटं बसू की! तोंड तिकडं केलं की झालं सरळ!"

मामा थबकले. हा मार्ग त्यांना फौजेत कुणी शिकवला नव्हता. त्यांनी मिशी सारखी केली आणि अख्ख्या वऱ्हाडाला हुकूम सोडला,

"वऱ्हाऽऽड! पीछे मुड!"

चाळीस माणसं बाकांवर गुडघे टेकून मागं तोंड करून बसली. नवरदेवाला मागच्या दारात ट्रंकेवर बसवलं. मामा दाराच्या दांडीला धरून उभे राहिले. मी हँडल मारलं आणि थोरली पार्श्वभाग पुढं करून खिंड चढू लागली. एकटा मीच काय तो उलटा बसलेला!

आरसे केळीच्या पानांनी झाकलेले, म्हणून वाट मामा सांगत होते. "बाएं! बाएं!" पण मामांचं तोंड मागं, माझं पुढं. त्यांचं बाएं ते माझं दाहिनं! मी डावीकडं घेतली की आतून बायका किंचाळायच्या, उजवीकडं घेतली की मामा.

वळणावर मेंढरं आडवी आली. धनगरानं काठीवर हनुवटी टेकवून आमची ही मिरवणूक पाहिली आणि शांतपणे विचारलं,

"गाडी पावन्यास्नी भ्याली व्हय रं?"

"आवं, चढ हाय म्हनून!" मी ओरडलो.

"मग मेंढरं बरी. त्येस्नी चढ-उतार एकच."

आमचा वेग असा, की मेंढरं आमच्या पुढं जाऊन माथ्यावर चरायला लागली.

माथ्यावर गाडी वळवायला ऐसपैस जागा होती. मी सुटकेचा निःश्वास सोडला, गिअरची दांडी पुढं ढकलायला गेलो, तर ती हलेना. दोन्ही हातांनी ओढली. पाय लावून ओढली. कुलदैवताचं नाव घेऊन ओढली. थोरलीला मागं जायची गोडी लागली होती.

"मामा, गिअर अडकला."

मामांनी मावळतीकडं पाहिलं. "आता मागं बघायचं न्हाई," ते गंभीरपणे म्हणाले. (सगळे मागंच बघत होते.) "चलो!"

आणि पलीकडच्या सपाट माळावरून आम्ही तसेच गावाकडं निघालो.

इकडं गावात काय झालं होतं, ते मला नंतर कळलं. रिवाजाप्रमाणं आबा चार मानकरी घेऊन वेशीवर दुपारपासून उभे होते. उन्हानं मानकऱ्यांची तोंडं सुकली, म्हणून आबा त्यांना क्षणभर चहाला घेऊन गेले. परत येऊन बघतात तर समोर रस्त्यावर धुरळा, धुरळ्यात पिवळी गाडी, आणि गाडीची नुसती पाठ! ना फूल, ना माळ, आणि धुरळ्यात माणसंही दिसेनात. झेंडूचं नाक लांब तिकडं, रहिमतपूरकडं तोंड करून.

"गेलं!" कुणीतरी ओरडलं. "वेशीत कोन न्हाई बघून वऱ्हाड परत निघालं!"

वाजंत्री बंद पडली. मांडवात बातमी गेली आणि मंदानं हिरव्या चुड्याच्या हातांनी तोंड झाकून घेतलं. आबा धावत सुटले. साठीतला माणूस, धोतर सावरत, हात वर करून ओरडत होता, "पावनं, थांबा! चूक झाली! पोरीचं तोंड बघून तरी थांबा!"

माझ्या कानात फक्त इंजिन. मी गाडी मन लावून मागं घेत होतो.

आबांना वाटलं, आता शेवटचा उपाय. त्यांनी डोक्यावरचा पटका काढला, रस्त्याच्या मधोमध ठेवला आणि ते त्याच्या चार पावलं मागं हात जोडून, डोळे मिटून उभे राहिले. घराण्याची अब्रू अशी धुळीत मांडल्यावर कोण निघून जाईल? आणि कुणी गेलंही नाही. उलट गाडी जवळ जवळ येत राहिली.

"रोको!" मामा गरजले.

मी ब्रेक दाबला. मागचं चाक बरोबर पटक्यावर येऊन थांबलं.

आबांनी डोळे उघडले. हाताच्या अंतरावर ट्रंकेवर त्यांचा जावई बसलेला. विलासराव दिवसभरात पहिल्यांदाच बोलले,

"मामंजी, आमी जात न्हाई. आमी आलोय."

आबांनी त्यांच्याकडं पाहिलं, गाडीकडं पाहिलं आणि सगळ्यात शेवटी, खिडकीतून मान काढलेल्या माझ्याकडं पाहिलं. ते बघणं अजून मला दिसतं.

मामा खाली उतरले. त्यांनी चाकाखालचा पटका पाहिला.

"बाळू! गाडी पुढं घे!"

"मामा, पुढं जात नाही."

शेवटी चाळीस माणसांनी लग्नाच्या कपड्यांत गाडी वीतभर ढकलली. मामांनी पटका उचलला, झटकला. टायरची नक्षी त्याच्यावर स्वच्छ उमटली होती. मला वाटलं, आता हे ताटावरून उठले होते तसेच निघणार. पण त्यांनी स्वतःचा फेटा सोडला आणि आबांच्या डोक्यावर स्वतःच्या हातानं बांधला.

"दुसऱ्यांदा वेशीपतोर पळवलं तुमास्नी," ते पुटपुटले. "पयल्यांदा मी. ह्या बारीला तुमच्या पोरानं."

लग्न मुहूर्तावर लागलं. मामा मंगलाष्टकांना बोडक्यानं उभे होते आणि जेवताना त्यांच्या पानात आधी लोणचं पडलं तरी ते गप्प जेवले. दुसऱ्या दिवशी मंदा सासरी गेली ती एस.टी.नं. रात्रीत मी गिअर सोडवला होता आणि थोरलीचं नाक आयतंच रहिमतपूरकडं होतं, म्हणून मी एकदा विचारून पाहिलं. सगळे एस.टी.च्या थांब्याकडं चालू लागले.

पटक्यावरचा तो टायरचा ठसा काही गेला नाही. आबा एरवी दुसरा बांधत. मला काही सुनावायचं असलं की मात्र तो.

मंदाची पोरं आता मोठी झाली आहेत. मी रहिमतपूरला गेलो, की ती आतून ओरडतात, "आई, मामा आला!" आणि पुढच्या दाराला कडी घालून मागचं दार उघडतात.

मीही वळसा घालून मागून जातो.