वैजयंतीबाईंचा मंगळवार

वैजयंतीबाईंची सगळी नोकरी बसून झाली. सात रस्त्याजवळच्या पाटबंधारे खात्याच्या कचेरीत आवक-जावकचं टेबल. जिल्ह्यातल्या गावागावांचे कागद हाताखालून जायचे, पण त्यातलं एक गाव म्हणून बाईंनी पाहिलेलं नव्हतं. निवृत्तीनंतर त्या साठीत गाडी शिकल्या. जुळे सोलापुरातल्या गल्ल्यांतून त्या गाडी अशी काढतात की रिक्षावालेसुद्धा बाजूला होतात. पण मजल भाजी मंडईपर्यंतच. त्यापुढे स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात आणि बाई मागे, डब्यांच्या शेजारी.

यंदा पावसाळा संपता संपता त्यांनी बेत काढला. आधी नान्नजच्या माळावर काळविटं बघायची. मग सांगोल्याकडे धनगरांचं गजी नृत्य. ढोलाच्या तालावर पुरुष फेर धरून नाचतात ते. आणि त्याच बाजूला एका गावात बायकांनी मिळून उघड्या टेकडीवर झाडं जगवलीत म्हणे, तर त्या बायकांना भेटायचं.

"देव कुठला?" त्यांचे यजमान उदयसिंहराव म्हणाले.

"देव नाही. लग्न नाही, बारसं नाही. नुसतं बघायचं."

"नुसतं बघायला कोण जातं?"

आपल्याकडे हेच. गाडी रस्त्याला लावायची तर एक देव लागतो, नाहीतर एक नातेवाईक. आठवडाभरात बेतात अक्कलकोट आलं, मागोमाग तुळजापूर आलं. श्रीपूरच्या साखर कारखान्यावरून थोरल्या नणंदेचा, वच्छलावन्संचा फोन आला.

"वैजयंती, सांगोल्यापातूर येतीस आणि माझ्या दारावरनं तशीच जातीस? लोक काय म्हणतील?"

"अहो वन्सं, श्रीपूर वाटेवर नाही. ते दुसऱ्या दिशेला."

"गाडीला कसली आलीय दिशा? वळवायची की!"

पुण्याहून मुलाने, मानसिंगने, शेवटचा खिळा ठोकला. "आई, नाताळच्या सुट्टीत मी येतो, मीच चालवतो. तू मागे आरामात बस."

आणि बाई हो म्हणाल्या. इतकी वर्षं हो म्हणायची सवय, ती एका बेताने थोडीच जाते? पण त्या दिवसापासून त्यांना झोप येईना. खिडकीचे पडदे धुतले, वाळायच्या आधीच परत लावले. भाजी करपवली. शेवटी निदान नाच तरी पक्का करावा म्हणून त्यांनी केराबाईंना फोन लावला. सांगोल्याकडच्या या केराबाई दरवर्षी इमारतीत घोंगड्या विकायला यायच्या. त्यांचे मालक बिरुदेव गजीत ढोल वाजवतात, हे बाईंना त्यांच्याकडूनच कळलेलं.

"केराबाई, नाताळच्या दिवशी सकाळी अकराला नाच ठेवा. आम्ही येतो सगळे."

पलीकडून हसूच हसू. "वो बाई, नाच काय डब्यात भरून ठिवलाय व्हय, कवाबी काढायला? नाताळात हितं गडीमाणूस नसतंय. समदी मेंढरं घिऊन लांब गेल्याली. हितं आमी म्हाताऱ्या. आमाला नाचिवताय का?"

"मग कधी?"

"देवाची जत्रा आसती तवा. ढोल तवाच निघतुय. दुसऱ्या दिशी मान्सं वाटंला लागत्यात."

"पण कधी ते सांगा ना!"

"मंगळवारी की. ह्यो परवाचा."

बाईंनी फोन ठेवला. लॉजची खोली राखावी तसा नाच राखायला निघालो होतो, एवढंही आपल्याला सुचू नये? स्वतःचाच राग आला. पण राग करत बसायला वेळ कुठे होता?

"परवा जायचंय," त्यांनी उदयसिंहरावांना सांगितलं.

"परवा? मानसिंगला रजा नाही. नाताळचं ठरलंय ना? जत्रा काय, पुढल्या वर्षीही येईल."

"जत्रा येईल हो. मी अडुसष्टाची होईन आणि तुम्ही हेच म्हणत असाल."

"चालवणार कोण?"

"मी."

"तू? मंडईच्या पुढे गेलीयस कधी?"

"मंडईत म्हशी, हातगाड्या आणि तुमच्या सूचना, तिन्ही सांभाळते. हायवेवर तुम्ही तरी नसाल."

उदयसिंहरावांनी वर्तमानपत्र उघडलं. ते उलटं धरलंय हे बाईंना दिसलं.

सोमवारी त्यांनी चाकांत हवा दोनदा भरून घेतली. बेतातून अक्कलकोट काढलं, तुळजापूर काढलं, श्रीपूर काढलं. एका दिवसात बसेना म्हणून काळविटंही काढली, टेकडीच्या बायकाही काढल्या. हे मात्र जिवावर आलं.

मंगळवारी उजाडायला त्या निघाल्या. ट्रक अंगावर आल्यासारखे शेजारून जात आणि प्रत्येक वेळी बाई श्वास रोखून धरत. मंगळवेढ्याच्या पुढे एका टपरीवर त्या चहाला थांबल्या. तेवढ्यात उदयसिंहरावांचा फोन.

"पोचलीस?"

"अर्ध्यात आहे."

"मग फीर मागे. कुणी काही म्हणणार नाही."

फिरावं, असं बाईंना खरंच वाटलं. घरी जाऊन आडवं व्हावं, नाताळात सगळ्यांबरोबर देव करावेत, वन्सं खूश, मानसिंग खूश. चहावर साय धरू लागली. कुणी काही म्हणणार नाही, हे खरंच. आजवर कुणी काही म्हणालं नव्हतं, आणि त्यातच सगळी वर्षं गेली. त्यांनी चहा तसाच ठेवला आणि गाडी सुरू केली. तोंड सांगोल्याकडे.

केराबाईंच्या गावात देवळापुढच्या माळावर फेर धरलेला होता. पांढरे शर्ट, फेटे, हातांत रंगीत रुमाल. ढोल गळ्यात घेऊन बिरुदेव मधे वाकून वाजवत होते, त्यांचं कुणाकडे लक्ष नव्हतं. माणसांची भिंत इतकी दाट, की बाईंना दिसत होते नुसते फेटे आणि धूळ. त्या टाचा उंचावत, इकडून तिकडून वाट शोधत राहिल्या. केराबाईंनी त्यांना ओळखलं.

"आगं बया! एकट्याच आलासा? मालक कुटं हायती?"

"घरी. नाताळचं ठरवताहेत."

केराबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मग पुढच्या दांडग्या गड्याच्या पाठीत त्यांनी कोपर खुपसलं. "सरक की रं जरा! बाई सोलापुरातनं सोता गाडी हाकत आल्यात."

तो सरकला. फट लहान होती. बाई त्यातून आत घुसल्या.