करगोट्याचं बूच

होडी पाण्यात लोटायच्या आधी आमचे म्हातारे होडीवाले बाबा सदऱ्याखाली हात घालून कंबर चाचपायचे. नवा माणूस बघून बावरायचा, आम्ही रोजचे. त्यांच्या करगोट्याला होडीचं बूच बांधलेलं असायचं.

असली लहान फायबरची होडी तुम्ही जवळून पाहिली असेल, तर तिच्या मागच्या अंगाला, तळाशी, अंगठ्याएवढं भोक असतं हे ठाऊक असेल. होडी काठावर ओढली की बूच काढायचं, साठलेलं पाणी वाहून जातं. पाण्यात घालताना पुन्हा लावायचं. "येवढंच हाय गो बाय," बाबा म्हणायचे, "पन इसरला तो बुडाला."

मी खर्डीकडची नर्स. धरणाच्या पाण्यापलीकडचा एक पाडा माझ्याकडे होता. रस्त्याने जायचं तर दिवस मोडायचा, बाबांच्या होडीने अर्धा तास. लसींचा डबा मांडीवर घेऊन आणि नोकरीला शिव्या देत मी तो अर्धा तास वर्षानुवर्षं काढला.

कोणी परस्पर होडी नेऊ नये म्हणून ते बूच घरी न्यायचे. एकदा स्वारी बैल बघायला म्हशाच्या जत्रेला गेली, ती बुचासकट. दोन दिवस वाट बघून पाड्यातल्यांनी लाकडाची खुंटी तासली, फडकं गुंडाळून ठोकली. बाबा परतले आणि उलट त्यांच्यावरच डाफरले, "भोकाचा सत्यानास केलाव." आणि स्वतःची चूक? "बैल लय चांगले होते," म्हणाले.

मग वय झालं. कानावर विडी ठेवून खिशात शोधू लागले. एके दुपारी उपकेंद्रात आले, आसपास कोणी नाही बघून हळूच म्हणाले, "बाय, माज्या ध्यानात नाय ऱ्हात आता. निघताना तू इचारत जा, बूच लावला का म्हनून. कोनाला सांगू नको. होडी काढून घेतील."

बायको गेलेली, लेक दूर दिलेली. होडीखेरीज त्यांना दुसरं काय होतं? मी कबूल झाले. दर खेपेला थट्टेच्या सुरात विचारायचे, "बाबा, बूच?" ते "लावला" म्हणायचे. कधी मात्र करगोटा चाचपत खाली उतरायचे.

त्या दिवशी पाड्यातली एक दिवस भरलेली बाई दवाखान्यात आणायची होती. दोन दिवस माझा डोळ्याला डोळा लागलेला नव्हता. तिला आणि तिच्या सासूला घेऊन होडीत बसले आणि डोळे मिटले. विचारायचं राहिलं.

पाय ओले झाले तेव्हा आम्ही मधोमध होतो. बूच बाहेरून बसायचं. तिथे वाकावं तर होडी कलंडणार. बाबांनी भोकावर टाच दाबली आणि तसंच वल्हं मारत राहिले. मी डब्याने पाणी उपसत होते. सासू देवाचं नाव घेत होती. पोचलो कसेबसे. पुढे बाई सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली.

पण काठावर गाडी घेऊन थांबलेला तिचा नवरा बाबांना नाही नाही ते बोलला. बाबा म्हणाले, "चूक माजी हाय." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. करगोट्याची गाठ सोडून त्यांनी बूच त्याच्या हातात दिलं आणि लंगडत घरी गेले.

मी तिथेच उभी होते. 'विचारायचं मी विसरले' एवढंच बोलायचं होतं. पाड्यातल्या लेकरांना मीच सुया टोचत होते. लोकांचा माझ्यावरचा भरवसा जाईल याची भीती वाटली. लाज वाटते, पण खरं तेच.

लेकीने त्यांना आपल्या सासरी, वैशाखऱ्याला नेलं. मनाला टोचणी होतीच, पण जायला मला सात महिने लागले. ते ओटीवर बसले होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. होडी, टाच, मी न विचारलेलं, सगळं.

"कोनाची गो तू?" ते म्हणाले, आणि बाजूला सरकून जागा केली. "बस. दमलीस."