मिलिंदने दिलेला आवाज

मिलिंद वानखेडेबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. जर्मनीतल्या आखन शहरातल्या मराठी मंडळींत त्याचा विषय निघाला की मी उठून चहा करायला जायचो. कुणी म्हणायचं, "हुशार होता, पण बेशिस्त." तेही मी ऐकून घ्यायचो. आता टाळण्याइतकं आयुष्य माझ्याकडे उरलेलं नाही.

त्याच्याबरोबर पहिल्यांदा कामाला गेलो ते आयफेलच्या डोंगरातल्या एका पडक्या किल्ल्यात. या शतकाची सुरुवातीची वर्षं होती ती. आमची संस्था जुनी बांधकामं तपासायची. मी तिथला जुना इंजिनिअर, तो नागपूरहून डॉक्टरेटसाठी येऊन तिथेच नोकरीला लागलेला. उंच, किडकिडीत, लोकरीची टोपी थेट भुवयांपर्यंत ओढलेली. किल्ल्याच्या दरवाजाची नुसती कमान उभी होती, दार जाऊन कित्येक शतकं झालेली. कमानीपलीकडे धुकं. मिलिंद तिथे थांबला आणि खणखणीत आवाजात ओरडला, "आहे का कोणी घरात?"

आतून त्याचाच आवाज परत आला, जरा उशिरानेच. मिलिंद सरळ आत गेला.

मी म्हणालो, "अरे, कुणी 'आहे' म्हणालं असतं तर?"

"तर चहा मागितला असता, दादा. थंडी पाहून राहिले ना?"

प्रत्येक पडक्या जागी तो हे करायचा. छप्पर नसलेलं चॅपल असो की झाडीत बुडालेला बुरुज. मला वाटायचं, गंमत आहे. एकदा जेवताना त्याने कारण सांगितलं. त्याचे आजोबा गावात कुणाच्या दारी कामाला गेले तर उंबऱ्याबाहेरूनच आवाज द्यायचे, आणि आतून कुणी ओ देईपर्यंत उन्हात उभे राहायचे. "मी आवाज देतो, कारण घर कोणाचं तरी होतं. पण उत्तरासाठी थांबत नाही. तेवढं माझ्या बाबासाहेबांनी करून ठेवलंय." एवढं बोलून त्याने डब्यातला चिवडा माझ्यापुढे सरकवला.

त्याचं काम बघत राहावं असं होतं. लाकडी हातोडीने भिंतीवर हलकेच ठोकायचं, मग दगडाला कान लावून डोळे मिटायचे. पोकळ जागा सापडली की कुजबुजायचा, "इथं आत कोणी श्वास रोखून बसल्यावानी वाटते." मग माझा चेहरा बघून खो खो हसायचा. मी कोकणातला, गुहागरच्या बाजूचा. आमच्याकडे ओसाड जागी कुणी नावाने हाक मारली तर ओ देत नाहीत. ओ दिली की ते मागे लागतं, असं आई सांगायची. हे मी त्याला कधीतरी बोलून गेलो होतो.

"तुमच्या कोकणात माणसं कमी अन् भुतं जास्त," तो म्हणाला. "अन् एखादा खरंच मदतीला बोलावत असंल तर?"

"माणूस असेल तर पुन्हा हाक मारेल."

"वा! म्हणजे बुडणाऱ्यानं आधी आपण माणूस असल्याचं सिद्ध करावं." मी हसलो. मनात मात्र आईचंच खरं मानत होतो. जर्मनीत इतकी वर्षं काढूनही मानत होतो.

एका नोव्हेंबरात आम्ही पुन्हा त्याच पहिल्या किल्ल्यात होतो. भेगांवर काचेच्या पट्ट्या चिकटवायच्या आणि काही दिवसांनी येऊन बघायच्या; पट्टी तडकली असेल तर भिंत हलते आहे असं समजायचं. दुपारीच इतकं धुकं उतरलं की बुरुज दिसेनासा झाला. कावळेही गप्प होते. संस्थेचा नियम होता : दोघांनी हाकेच्या अंतरावरच राहायचं. मी कमानीपाशी गाडीत सामान भरत होतो. "दादा, तळघरातली पट्टी बघून येतो," म्हणून मिलिंद गेला.

थोड्या वेळाने धुक्यातून हाक आली. "विनायक!"

मिलिंद मला कधीही नावाने हाक मारत नसे. दादा, फक्त दादा. जर्मन सहकारी आडनावाने बोलवत. असं मोकळं, एकेरी, शेवटचं अक्षर लांबवत फक्त आई हाक मारायची, आणि तिला जाऊन दहाएक वर्षं झाली होती. माझ्या हातातली पेटी तशीच राहिली. मी ओ दिली नाही.

मग दुसरी हाक आली. पहिल्यापेक्षा खोल, घोगरी, माझ्या पायाखालच्या जमिनीतून आल्यासारखी. "विनायक... ओ..."

माणूस असेल तर पुन्हा हाक मारेल, असं मीच म्हणालो होतो. तरी मी गाडीत शिरलो, दार लावलं, रेडिओ मोठा केला. किती वेळ बसलो ते सांगता येत नाही. काचा आतून पूर्ण धुरकटल्या होत्या. शेवटी गाडी घेऊन खालच्या गावात गेलो आणि सांगितलं की माझा सहकारी परत आलेला नाही.

तळघराची कमान खचली होती. फॉयरवेअरच्या, म्हणजे अग्निशमन दलाच्या, माणसांनी त्याला बाहेर काढलं, तेव्हा अंधार पडायला लागला होता. उजवा पाय दगडाखाली चिरडला होता. थोडं आधी काढलं असतं तर वाचवता आला असता, असं डॉक्टर म्हणाले. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

संस्थेत चौकशी झाली. मिलिंदने सांगितलं की त्याने मला नावाने हाका मारल्या. प्रमुखांनी मला विचारलं, हाक ऐकू आली? मी म्हणालो, नाही. मग दुसरं खोटं आपोआप आलं : कुठे जातोय तेही त्याने सांगितलं नव्हतं. "गेनाऊ," अगदी बरोबर, असं प्रमुख म्हणाले; त्यांना हवं ते मिळालं होतं. मिलिंद न सांगता दूर गेला, आणि चूक झाकायला हाकांची गोष्ट रचतो आहे, असं ठरलं. त्याची नोकरी पुढे वाढवली नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलमध्ये गेलो. तो खिडकीकडे बघत होता. मग म्हणाला, "दादा, खरं सांगा. मी आवाज दिला होता ना?"

चिडून विचारलं असतं तर सोपं होतं. तो खरोखर विचारत होता. स्वतःच्या आवाजावरचा त्याचा विश्वास उडत चालला होता, आणि तो परत देऊ शकेल असा जगात मी एकटाच होतो.

मी म्हणालो, "तुला शुद्ध नव्हती रे. भास झाला असेल."

"हाव," तो म्हणाला. "तसंच असंल."

निवृत्त झाल्यावर मी एकदा नागपूरला त्याच्या घरी गेलो, सगळं सांगायचं ठरवून. तो कॉलेजात शिकवत होता, कृत्रिम पायावर लंगडत पण झपाझप चालायचा. त्याने मुलीला हाक मारून बाहेर बोलावलं. "हे विनायकदादा. यांनीच गावातून लोकं आणून मला बाहेर काढलं. पाया पड." ती वाकली. माझे पाय मागे घ्यावेत इतकंही मला सुचलं नाही. निघताना जिन्यात मी म्हणालो, "मिलिंद, त्या दिवशी..." तो म्हणाला, "जाऊ द्या ना दादा. मला तर आता ते नीट आठवतही नाही."

गेल्या उन्हाळ्यात तो गेला. हृदयविकाराने, वर्गात शिकवताना. त्याच्या बायकोचा फोन आला तेव्हा खरं सांगायला मी पुन्हा तोंड उघडलं, आणि नुसतं सांत्वनाचंच बोललो.

तेव्हा जिन्यात म्हणायचं होतं ते असं : मिलिंद, तुला भास झाला नव्हता. तू कुठे जातोस ते मला सांगितलं होतंस, आणि तू आवाज दिला होतास, एकदा नव्हे, दोनदा. दोन्ही वेळा मी ऐकला. मला माफ कर.