पावडरीचा वास

रोह्याच्या घरात मागच्या खोलीत मी हौसेने स्टुडिओ थाटलाय. काळा पडदा आणि एकच लाइट. रविवारी ताई फोटोला बसली आणि तिने पर्समधून पावडरचा डबा काढला. त्या वासासरशी माझं डोकं सणकलं.

हाच वास पेणच्या त्या स्टुडिओत होता. स्थळाला पाठवायला ताईचा फोटो हवा होता. मिठागरात राबून ती तुकतुकीत काळी झालेली. फोटोवाल्याने तिच्या तोंडावर पावडर थापली, दोन्ही लाइट थेट समोरून पेटवले. "हलू नको गो, एकदम गोरी काढतो!"

"व्हय, गोरीच पायजे," आई म्हणाली.

बल्ब तापले, ताईच्या कपाळावरून घाम ओघळला. फोटोत तिचं नाक उरलं नाही, की गालावरचा तीळ. पुढे पाहुणे घरी आले. ताईने पोह्यांची बशी पुढे केली, तर मुलाच्या आईने तिच्यासमोरच विचारलं, "फोटोतली मुलगी कुठाय?"

त्या फोटोवाल्याचा राग अजून जात नाही. त्या रागापायीच मी लाइट शिकलो. कंपनीतून आल्यावर पितळेच्या तांब्यावर, काळ्या मडक्यावर लाइट मारून बघत बसायचो. लाइट बाजूला सरकवला की काळा रंग काळाच राहतो आणि उजळतो. ही सगळी खटपट ताईच्या एका फोटोसाठी.

"तो डबा आधी आत टाक!" मी ओरडलो.

ताई दचकली. "चिडतोस कशाला रे? पेणला काढलेला तसा काढ ना. माझा तेवढा एकच फोटो चांगला आलाय."