बसलेल्या माणसाची उंची

चामोर्शीच्या पलीकडे, जंगलात शिरल्यावर लागणाऱ्या त्या गावाला मी आयुष्यात एकदाच गेले. तरी दुपारी डोळा लागला की अजून कधी कधी तिथल्या एका घराची सपरी, पुढची ओसरी, दिसते. पांढऱ्या मातीनं पोतारलेली भिंत, छपरावरच्या कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या, फटींतून उतरलेलं ऊन आणि त्या उन्हात हलके हलके हलणारे दोरे.

पन्नास सालानंतरचे ते दिवस. लग्न होऊन मी चांदा जिल्ह्यात आले होते. हे सरकारी दवाखान्यात डॉक्टर होते. मी नागपूरला गणित घेऊन बी.ए. झाले होते, पण तिथं माझ्या गणिताचं कुणाला काही काम नव्हतं. संध्याकाळी हे जुनी परदेशी मासिकं चाळत बसत. त्यातला एक लेख त्यांनी मला वाचून दाखवला होता. रक्ताचा थेंब भिंतीवर समोरून आदळला तर गोल उमटतो, तिरका आदळला तर लांबट. डागाची रुंदी लांबीनं भागली की येते ती आदळण्याच्या कोनाची साइन. मला ते फार सुंदर वाटलं. रक्ताचं बोलणं चाललंय हे क्षणभर विसरूनच गेले.

मोहाची फुलं गळायचे दिवस होते. एका सकाळी बैलगाडीतून एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं प्रेत दवाखान्यात आलं. कानशिलावर खोल जखम होती, तिथली धमनी फाटलेली. घरजावयानं मारलं, असं गावाचं म्हणणं. आदल्या दिवशी दोघांचं भांडण झालं होतं. जावयाला बायकोला घेऊन आपल्या गावी जायचं होतं आणि सासरा सोडत नव्हता. शेजाऱ्यानं पोलिसांना सांगितलं, की सासरा दारात उभा होता आणि जावयानं दोन्ही हातांनी काहीतरी उगारून हाणलं, हे त्यानं लांबून पाहिलं. जावई म्हणत होता, सासरा कवेलू सारखे करायला शिडीवर चढला होता, तिथून पडला. आपण बैल बांधून आलो तर सपरीत रक्तच रक्त, असं तो सांगत होता.

"भिंत कशी आहे?" ह्यांनी प्रेताबरोबर आलेल्या ठाणेदारांना विचारलं.

"पांढरीफेक. म्हाताऱ्याच्या धाकट्या पोरीचं लग्न आहे न साहेब. नवीनच पोतारली."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कंपासपेटी आणि साइनची कोष्टकं पिशवीत घातली.

वाटभर मोहाचा गोड, जड वास होता. बैलांच्या घुंगरांनी मला गुंगी येत होती. आपण कशाला चाललोय हे कळत होतं आणि तरी ते सगळं दुसऱ्याच कुणाचं वाटत होतं.

सपरीच्या कोपऱ्यात दगडी उखळ होतं. त्याच्या मागच्या भिंतीवर थेंबांची ओळ वर चढून वळली होती. जवळच मोडक्या पायरीची शिडी पडली होती. हे भिंगातून डाग पाहत, मी कर्कटकानं लांबी-रुंदी मोजून कोन काढी. मग त्या कोनात प्रत्येक डागापासून मागे दोरा ताणायचा; सगळे दोरे जिथं जमतील, तिथून रक्त उडालं. दोरा आम्ही आणलाच नव्हता. मेलेल्या माणसाची थोरली मुलगी, म्हणजे त्याच जावयाची बायको, आतून वाकळ शिवायचा दोरा घेऊन आली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. ती एकेक दोरा तोडून माझ्या हातात देत राहिली.

दुपार कलली तेव्हा सगळे दोरे उखळाशेजारी एकमेकांजवळ आले होते. जमिनीवर टेकून बसलेल्या माणसाचं कपाळ येईल, तेवढ्या उंचीवर. उभ्या माणसाच्या डोक्यापाशी एकही दोरा जात नव्हता.

ठाणेदार म्हणाले, "डॉक्टरसाहेब, दोरा सरळ आहे. पण रक्त काही सरळ जात नाई. थेंब वाटेत खाली झुकन न?"

लेखात याबद्दल एक ओळही नव्हती. शंका मात्र खरी होती.

मी काडीनं जमिनीवर, हवेत फेकलेल्या दगडाची वाट काढली, वर जाऊन खाली वळणारी. जिथं तो आदळतो तिथून मागे सरळ रेघ ओढली. रेघ त्या वाटेच्या वरूनच गेली. दुसरी वाट काढली, तिसरी काढली. प्रत्येक वेळी रेघ वर, वाट खाली.

"म्हणजे चूक होईल ती एकाच बाजूला," मी म्हटलं. "रक्त दोऱ्याच्या खालून निघालं असेल. वरून निघणं शक्य नाही."

"बाई, हे मले करून पाहू द्या," ठाणेदार म्हणाले. त्यांनी गोठ्याच्या भिंतीवर लाल मातीचं पाणी आधी उभं राहून आणि मग बसून उडवलं. डाग मोजून आम्ही पुन्हा दोरे ताणले. दर वेळी दोरे हाताच्या थोडे वरच जमले.

"बसलेल्या माणसालेही मारता येते," ते शेवटी म्हणाले.

"येतं," हे म्हणाले. "कोणी मारलं की नाही, ते दोरा सांगत नाही. धमनीतून रक्त उडत होतं तेव्हा तो खाली बसलेला होता, एवढंच. आणि जखमेचा आकार या उखळाच्या काठासारखा आहे."

ठाणेदारांनी शेजाऱ्याला पुन्हा बोलावलं, सपरीपुढे उभं केलं आणि तू पाहिलं तेव्हा म्हातारा कुठं होता ते हात लावून दाखव म्हणाले. तो दारापाशी गेला, मग थांबला. म्हणाला, "म्हाताऱ्याले मी पाह्यलंच नाई. जावई काहीतरी उचलून फेकून राह्यला होता, तेवढंच दिसलं." जावयानं सासऱ्याच्या अंगावरची शिडी उचलून बाजूला टाकली होती, तेच त्यानं पाहिलं होतं.

काही आठवड्यांनी जावई सुटला. बायकोला घेऊन तो आपल्या गावी गेला नाही. धाकट्या मेहुणीचं लग्न त्यानंच लावून दिलं.

पावसाळ्यानंतर चामोर्शीच्या बाजारात ती थोरली मुलगी मला भेटली. डोक्यावर तांदळाची टोपली होती. ती खाली उतरवून माझ्याजवळ उभी राहिली.

"बाई, एक इचारू? माहा बाप तवा बसून होता न?"

"हो."

"मंग त्यानं कोनाले आवाज देल्ला असन का?"

बाजाराचा गलबला कुठेतरी लांब गेल्यासारखा वाटला.

"ते मला नाही सांगता येणार," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. "मी त्या टायमाले मोह येचाले गेली होती," ती म्हणाली. मग टोपलीतले मूठभर तांदूळ माझ्या पिशवीत टाकून, टोपली पुन्हा डोक्यावर घेऊन ती गर्दीत निघून गेली.