राधाबाईंच्या ओसरीवर

तेल्हाऱ्याहून आमची बैलबंडी निघाली, तेव्हा पुढं-मागं कापसाच्याच गाड्या होत्या. सातासमुद्रापलीकडे कुठंतरी लढाई पेटली होती आणि तिच्यापायी आपल्या काळ्या मातीतल्या कापसाला कधी नव्हता तो भाव आला होता. माझ्या घरधन्याला अमरावतीच्या एका अडत्याकडे कापूस तोलायचं काम मिळालं होतं. तुम्ही गावच्या सगळ्याजणी वेशीपर्यंत आला होतात. माय बंडीला धरून चालत होती. हळूच म्हणाली, "तिथं कोनाले काई सांगू नोको."

काय सांगायचं नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे. गाव सोडून गेलेल्यांच्या लेकींना ठाऊक नसेल, म्हणून लिहिते. मी पाटाची बायको. पहिला नवरा पटकीनं गेला आणि बापानं मला दुसरं घर करून दिलं. आपल्यात ते चालतं. पण शहरातल्या भटा-बामणांच्या आळीत ते कसं घेतील, याचा मायला घोर होता.

अमरावती म्हणजे नुसता कलकलाट. कापसाच्या गठाणी, तराजू, दलालांची हिंदी, रस्त्यावर उडणारी रुई. आमच्या शेजारी सरकारी शाळेचे मास्तर राहत. त्यांची बायको राधाबाई पुण्याकडची. तिला वाचता येत होतं. मुंबईला कापूस घेऊन गेलेल्या गाड्या परतताना कापड, मीठ आणत, त्यातच मास्तरांची छापील पुस्तकंही येत. दुपारी बाया जमल्या की राधाबाई वाचून दाखवी. मी ओसरीच्या कडेला, जरा बाजूला बसे. बाकीच्या सोवळ्यातल्या.

मला वाटलं होतं, पुस्तकात देवच असतात. राधाबाईच्या पुस्तकात बाया होत्या. जात्यावर बसणाऱ्या, सासूला भिणाऱ्या, माहेरची वाट पाहणाऱ्या. वाचून झालं की राधाबाई विचारी, तुम्हाला काय वाटतं? मला काय वाटतं, हे तोवर कुणी विचारलंच नव्हतं.

एकदा तिनं एका बालविधवेची गोष्ट वाचली. भावाच्या घरी राबणारी पोर शेवटी विहीर जवळ करते. वाचून झालं. मग मथुराकाकू, त्या आळीतल्या वडीलधाऱ्या, म्हणाल्या की दुसरं करणार तरी काय होती ती? सुटली बिचारी. सगळ्यांनी माना डोलावल्या. माजघराच्या दाराआड राधाबाईची नणंद उभी होती. गोदू. सोळा वर्षांची, डोकं भादरलेलं, अंगावर विधवेचं लाल आलवण. तिनंही मान डोलावली. ते पाहून मला राहवलं नाही.

"काकू, मी पाटाची हाये," मी म्हटलं. "माहा पयला मानूस मेला, तवा मी काई विहिरीत नाई गेली. मले अजून भूक लागते. हासूही येते."

मथुराकाकू उठल्या. त्यांच्यामागं आणखी दोघी गेल्या. मी घरी आले. अडत्या त्याच आळीतला. आता नोकरी जाईल आणि पडलेलं तोंड घेऊन तेल्हाऱ्याला परत जावं लागेल, असं वाटत होतं. घरधन्याला सगळं सांगितलं. तो पाय धूत होता. म्हणाला, "खरं तेच सांगतलं ना? मंग कायले भेतं?"

दुसऱ्या दुपारी मी गेले नाही. तर राधाबाई स्वतः आमच्या दाराशी आली. मास्तरांची बायको, कुणब्याच्या दारात. "चला," ती म्हणाली, "तुम्ही आल्याशिवाय पुस्तक उघडायचं नाही, असं ठरलंय."

ओसरीवर त्या दिवशी तिघीच होतो. राधाबाई, मी आणि गोदू. गोदू दाराआडून बाहेर येऊन बसली होती. वाचायच्या आधी तिनं विचारलं, "ती विहिरीत गेली नसती, तर पुढं काय झालं असतं वहिनी?" राधाबाईनं पुस्तक बाजूला ठेवलं. पाटी आणली आणि तिच्या हाती दिली. माझ्याही.

त्यासाठी राधाबाईनं किती सोसलं, ते मी पाहिलंय. हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं. पाणवठ्यावर बाया तिला पाठ दाखवत. मास्तरांना गावकीत बोलणी बसली. पण एकही दुपार तिनं चुकवली नाही. हळूहळू बाया परतल्या. मथुराकाकूंची सूनही आली, सासू झोपल्यावर.

पुढं ती लढाई थांबली, भाव कोसळले, अडत्याची पेढी बसली. आम्ही अकोल्याला आलो. घरधनी आता रेल्वेच्या मालधक्क्यावर आहे. इथं मुलींची शाळा निघाली, तेव्हा राधाबाईनं मास्तरांकरवी खटपट केली आणि गोदूला शिकवायला धाडलं. गोदूच्या सासरच्यांनी, दिरांनी आकांत केला. राधाबाई त्यांना एवढंच म्हणाली, "ती जगणार आहे. कशी जगेल, ते तिला ठरवू द्या."

गोदू आमच्या शेजारच्या खोलीत राहते. दुपारी शाळा सुटली की माझ्या ओसरीवर वाचते. इथं बाजूला कुणी बसत नाही. तेल्हाऱ्याची आठवण येते, रोज येते. पण परत येतेस का, असं विचारलंत तर सांगेन की माहेरपणाला येईन. गोदू पुस्तक मिटते, बायांकडे पाहते, आणि सगळ्या एकदमच बोलायला लागतात. कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही. मी तिथंच असते, चहूकडून बोलणं ऐकत, आपल्या घरात.