शांत कुत्रा पाहिजे

कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यात काही वर्षं बसलं, की किस्से औषधांच्या रिकाम्या खोक्यांसारखे साठत जातात. टाकवत नाहीत आणि ठेवायला जागाही नसते. माझा दवाखाना बिबवेवाडीत, एका सोसायटीच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात. मदतीला कांबळे काका, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून रिटायर झालेले आणि मोजकंच बोलणारे. आज सांगते ते सगळे किस्से एका एप्रिल महिन्यातले आहेत. आठवले की अजूनही डोकं तापतं.

शहरात तेव्हा आयटीचं नवं वारं होतं. सकाळी सकाळी स्वारगेटला कंपन्यांच्या बसगाड्या भरायच्या. ज्याला त्याला फ्लॅटपाठोपाठ कुत्रा हवा होता, आणि तोही कसा? तर शांत!

त्या महिन्यात माझ्याकडे मोती होता. पांढरा, एक कान तपकिरी, अस्सल गावठी. एक सॉफ्टवेअरवालं जोडपं 'दोनच आठवडे, डॉक्टर' म्हणून त्याला ठेवून गेलं आणि थेट अमेरिकेला पोचलं. फोन बंद. चार महिने मोती माझ्या टेबलाखाली होता. भुंकणं नाही, ओढाताण नाही. इंजेक्शनला घाबरलेली मांजरंसुद्धा त्याच्या पाठीला टेकून बसायची.

मग सोसायटीची नोटीस आली. सेक्रेटरी जोगळेकरांच्या मुलानं इंटरनेटवरून 'शांत जातींची' यादी छापून आणली होती आणि कमिटीनं ती एकमतानं मंजूर केली होती. यादीतलाच कुत्रा आवारात चालेल, बाकीचे महिनाअखेर बाहेर. त्यासाठी नवं रजिस्टर केलं. कुत्र्याचं नाव, मालकाचं नाव, जात, आणि शेवटी डॉक्टरांचा शिक्का. गावठी कुत्रा त्या यादीत असणार कुठून? माझ्या घरी सासूबाईंना दमा, त्यामुळे तोही रस्ता बंद. महिनाभरात घर मिळालं नाही, तर चार महिने माणसांत राहिलेला मोती फुटपाथवर जाणार होता.

*

पहिल्याच आठवड्यात एक जोडपं आलं. दोघंही आयटीत. त्यांना लो मेंटेनन्स आणि शांत ब्रीड हवं होतं. घरी किती वाजता असता, असं मी विचारलं. सकाळी सातला निघतो, रात्री नऊला येतो, म्हणाले.

"मग दिवसभर कुत्र्याजवळ कोण?"

"कोणीच नाही. म्हणूनच तर शांत हवाय!"

मी फिशटँक सुचवला. त्यांना तो विनोद वाटला. तेवढ्यात बाईंचं लक्ष टेबलाखाली गेलं. मोतीनं त्यांच्या बुटावर हनुवटी टेकवली होती. किती गोड, किती शांत, असं म्हणत त्यांनी ब्रीड विचारलं. गावठी म्हटल्यावर पाय मागे घेतला. आम्हाला प्रॉपर कुत्रा हवा होता, म्हणाल्या.

ते गेल्यावर काकांनी मोतीला आपादमस्तक न्याहाळलं. "प्रॉपर म्हणजे काय हो, मॅडम? पाय तर चारच आहेत."

*

दुसरे मार्केट यार्डातले गुळाचे व्यापारी. त्यांना गोडाऊनवर कुत्रा हवा होता. दिसायला वाघ आणि स्वभावानं गाय. चोरानं बघूनच पळावं, पण हमालांवर गुरगुरू नये. मी मोती दाखवला. चार दिवसांत सगळ्या हमालांना ओळखेल, असंही सांगितलं. शेठ हसले. ह्याला बघून चोर बसून चहा पिईल, म्हणाले.

पंधरा दिवसांनी त्यांनी मला बोलावून घेतलं. जाऊन बघते तर सेंट बर्नार्ड! बर्फातला कुत्रा, पुण्याच्या एप्रिलात, पत्र्याच्या गोडाऊनमध्ये. बिचाऱ्याची जीभ हातभर बाहेर. मी शेठना त्यांच्याच हमालांसमोर इतकं बोलले की मला नंतर पाणी मागून प्यावं लागलं. कुत्र्याला तत्काळ एसीत ठेवा, नाहीतर घेऊन जाते, म्हणून दम दिला.

आठवड्यानं पुन्हा तपासायला गेले, तर शेठ डोक्यावर ओला नॅपकिन ठेवून बाहेर पोत्यांवर बसून सौदे करत होते. केबिनमध्ये एसी लावलेला, आणि आत कुत्रा.

"शांत आहे ना?" मी विचारलं.

"एकदम शांत," शेठ घाम पुसत म्हणाले. "केबिनमधून हलतच नाही."

*

मधल्या काळात कमिटीनं आणखी एक शक्कल काढली. यादीबाहेरचा कुत्रा असेल तर डॉक्टरांनी 'हा कुत्रा शांत आहे' असा दाखला द्यावा, मग कमिटी विचार करेल. मी त्याच दिवशी मोतीचा दाखला लिहून पाठवला. तो परत आला. तुम्हीच डॉक्टर आणि तुमचाच कुत्रा, हे नियमात बसत नाही म्हणे!

बाकीच्यांची मात्र रांग लागली. दुसऱ्या मजल्यावरच्या एक काकू त्यांचं पॉमेरेनियन काखेत मारून आल्या. छोटा कुत्रा म्हणजे शांतच असतो, हे त्यांनी मला, म्हणजे डॉक्टरला, समजावून सांगितलं. मी तपासायला हात पुढे केला आणि त्यानं अंगठ्याचा असा कडकडून चावा घेतला की टेबलावर रक्त सांडलं.

"अहो, तो चावत नाही," काकू म्हणाल्या. "तुमचं बोट मध्ये आलं. आता द्या दाखला."

माझ्या अंगठ्याला पट्टी बांधता बांधता काका म्हणाले, "डाव्या हातानं लिहा, मॅडम."

मी लिहिलं नाही. शिक्का ड्रॉवरमध्ये टाकून किल्ली काकांकडे दिली आणि शांततेचा दाखला इथे मिळणार नाही, हे सगळ्यांना सांगून टाकलं.

*

चौथे आले ते पाटील. त्यांचं गाव नुकतंच शहरात आलं होतं. जमिनीवर बिल्डरच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या, कडेला पाटलांचा बंगला. सूनबाईंना शांत कुत्रा हवा म्हणून ते चौकशीला आले होते. मोती उठून त्यांच्या धोतराचा वास घेऊन आला आणि शेजारी बसला.

"आन ह्यो काय वाईट हाय?" पाटील म्हणाले. "आमच्या वस्तीवर असलीच व्हती की."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! लसीकरणाचं कार्ड केलं, नवा पट्टा बांधला. काका जीपपर्यंत सोडायला गेले आणि परत येऊन बराच वेळ उगाच फरशी पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी जीप पुन्हा दारात. शेजारच्या बंगल्यांत सगळ्यांकडे लॅब्राडोर आहेत, असं सूनबाई म्हणाल्या होत्या. पाटलांनी माझ्याकडे बघितलंच नाही. घरात आता माझं चालत न्हाई, एवढं पुटपुटले. मोती उतरला आणि सरळ टेबलाखाली जाऊन बसला. मला त्या म्हाताऱ्याचा राग यायला हवा होता, पण तो आला सूनबाईंचा, त्या यादीचा आणि अख्ख्या शहराचा. महिना संपायला दोन दिवस उरले होते.

*

शेवटच्या दिवशी खुद्द जोगळेकर ब्रूनोला घेऊन आले. ब्रूनो गोल्डन रिट्रीव्हर, यादीत पहिल्या नंबरचा. घरातले सगळे कामाला गेले की दिवसभर रडायचा. सोफा फाडून झाला होता. शेजाऱ्यांनी लेखी तक्रार केली होती, आणि तीही सेक्रेटरींच्याच नावे! जोगळेकरांना ब्रूनोला शांत करण्याच्या गोळ्या हव्या होत्या. कुत्र्याला सोबत द्या, गोळ्या कसल्या मागता, म्हणून मी त्यांना चांगलंच फैलावर घेत होते. बोलता बोलता लक्षात आलं, की ब्रूनोचा आवाज नाही. तो मोतीच्या पाठीवर मान टाकून झोपला होता.

जोगळेकर त्याला घेऊन वर गेले. पाच मिनिटांत तिसऱ्या मजल्यावरून रडणं सुरू झालं. ते पुन्हा खाली आले आणि मोतीला तासभर वर पाठवता का, असं त्यांनी काकांना विचारलं. मला नाही, काकांना!

संध्याकाळपर्यंत मोती खाली आला नाही. वरून आवाजही आला नाही.

सहाच्या सुमारास जोगळेकर काखेत रजिस्टर घेऊन आले. माझ्यासमोर उघडून त्यांनी नावाच्या रकान्यात 'मोती' लिहिलं. मालकाच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. पुढच्या रकान्याशी पेन थांबलं.

"लिहा ना," मी म्हटलं. "गावठी. लिहा की!"

त्यांनी चष्मा पुसला, खिशातून ती यादी काढली, वरपासून खालपर्यंत वाचली आणि घडी घालून परत खिशात ठेवली. मग सावकाश एक शब्द लिहिला आणि रजिस्टर माझ्याकडे फिरवलं.

जात: शांत.

"इथे तुमचा शिक्का लागेल," ते म्हणाले.

काकांनी किल्ली आधीच ड्रॉवरला लावली होती.